‘मग प्रश्नच कुठे आहे?’

“तुला मुलीही आवडतात ना? मग प्रश्नच कुठे आहे?”

दोन वर्षांपूर्वी एका समुपदेशकांनी मला हे विचारलं. विचारलं म्हणण्यापेक्षा समजूत काढली. माणूस वाईट नव्हता. साठीकडे झुकलेले, आवाज मऊ, घाई अजिबात नाही. मला मुलगे आणि मुली दोन्ही आवडतात, हे मी त्यांच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो होतो. कॉलेजात असताना एका मुलीवर प्रेम होतं, पुण्यात नोकरीला लागल्यावर एका मुलावर. दोन्ही खरं होतं, दोन्ही तुटलं. पहिलं तुटलं तेव्हा मित्रांनी रात्रभर सोबत केली, चहा पाजला, टिंगल केली, सावरलं. दुसरं तुटलं तेव्हा कोणाला सांगताच आलं नाही. झोप उडाली, ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोरचा काय बोलतोय ते कळेनासं झालं, म्हणून तर मी तिथे गेलो होतो.

ते म्हणाले, “हे बघ, माझ्याकडे सगळे सारखेच. मी कोणाला नावं ठेवत नाही. उलट तुझं नशीब चांगलं. काही मुलांना मुली आवडतच नाहीत, त्यांचं अवघड असतं. तुला रस्ता मोकळा आहे.” दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, घरी स्थळं बघतायत का? मी हो म्हणालो. “मग करून टाक लग्न. संसारात पडलास की बाकीचं आपोआप मागे पडेल.”

एसटीने पंढरपूरला परत येताना मला राग आला नव्हता. उलट त्यांचं म्हणणं बरोबर वाटत होतं, आणि त्रास त्याचाच होत होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन पर्याय आहेत, एक बंद आहे, एक चालू आहे, तर चालू असलेला घ्यावा, यात चूक काढणार कशी? पुढचे दोन-तीन महिने मी ती चूक शोधत होतो. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब.

*

पहिली गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या दोन भेटींमध्ये त्यांनी मला त्या मुलाचं नाव विचारलं नाही.

समजा मी त्या मुलीशी तुटल्यावर त्यांच्याकडे गेलो असतो. “जगात दुसऱ्या मुली आहेत ना, मग प्रश्नच कुठे आहे?” असं ते म्हणाले असते का? बहुधा नाही. ती कोण होती, किती दिवस बरोबर होतात, काय बिनसलं, असं काहीतरी विचारलं असतं. माझ्या दुःखाला दुःख म्हणून जागा मिळाली असती. इथे मात्र मी दुःख घेऊन गेलो आणि त्यांनी ते एका निवडीचं कोडं म्हणून सोडवून दिलं. मी विचारलंच नव्हतं की लग्न कोणाशी करू.

उभयलैंगिक माणसाच्या बाबतीत ही चूक फार सहज होते, कारण त्याच्याकडे ‘रस्ता’ असल्यासारखा दिसतो. समलैंगिक मुलाला निदान एवढं तरी म्हणता येतं की मला दुसरं काही जमतच नाही. माझ्यापाशी ती सबब नाही. मग मी हट्टी ठरतो, किंवा गोंधळलेला, किंवा दोन्हीकडे हात मारणारा. मला एका व्यक्तीबद्दल वाटलेलं प्रेम दुसऱ्या कोणाबद्दल तरी प्रेम वाटू शकतं म्हणून रद्द होत नाही, हे इतकं साधं वाक्य आहे. पण ते माझं मलाच सुचायला तीन महिने लागले.

दुसरी गोष्ट ‘सगळे सारखेच’ या शब्दांची. आमच्या कामात एखाद्या फॉर्ममधली चौकट रिकामी सोडली की ती रिकामी राहतेच असं नाही. आधीच ठरवून ठेवलेली किंमत तिथे जाऊन बसते, तिला आम्ही डिफॉल्ट म्हणतो. त्या गृहस्थांना प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण चौकट रिकामी सोडली आहे, आपण कोणाच्याच बाजूचे नाही. पण समाजाने त्या चौकटीत आधीच मुलगा, मुलगी, लग्न, संसार असं भरून ठेवलेलं आहे. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर तेच उमटणार. एका बाजूला कललेल्या जमिनीवर मध्ये उभं राहणारा माणूस नुसता उभा राहिला, तरी त्याच्या हातातलं पाणी उताराकडेच जातं.

*

पंढरपूरच्या माणसाला हे कळायला खरं तर फार लांब जायला नको. वडिलांचं तुळशीमाळांचं छोटं दुकान आहे. तिथून देवळाच्या महाद्वाराशी गेलं की नामदेव पायरी लागते आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, असं परंपरा सांगते. ज्या देवाच्या दारी सगळे सारखे असं शेकडो वर्षं म्हटलं गेलं, त्याच देवळात चोखोबांच्या जातीच्या माणसांना १९४७ सालापर्यंत आत जाता येत नव्हतं. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला होता, आणि मग दार उघडलं.

माझं दुःख त्या दुःखाच्या शेजारी ठेवण्याचा माझा इरादा नाही. ते अपमान पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, पोटाशी आणि पाण्याशी बांधलेले होते. मी चांगल्या पगाराचा मुलगा आहे आणि माझी अडचण एका बंद खोलीतली आहे. मी तिथून फक्त एक गोष्ट उचलतो. ‘सगळे सारखे’ हे आत असलेल्या माणसाने म्हणणं वेगळं आणि बाहेरच्यासाठी दार उघडणं वेगळं. पहिल्याला फक्त भावना लागते. दुसऱ्याला कडी काढावी लागते, कोणाचा तरी रोष घ्यावा लागतो, आणि ‘तूही ये’ असं नाव घेऊन सांगावं लागतं. नाव न घेता दिलेलं आमंत्रण ज्याला आजवर अडवलं गेलंय त्याला ऐकूच येत नाही.

*

मग मी वाचायला लागलो. कायदा आणि वैद्यकशास्त्र माझ्या बाजूने किती स्पष्टपणे उभे आहेत हे बघून मला आश्चर्य वाटलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली काढली. तरी त्यांच्या दहाव्या आवृत्तीत एक खिडकी उघडी राहिली होती: स्वतःच्या लैंगिक कलाबद्दल त्रास होतो आणि तो बदलून हवा आहे, अशा माणसासाठी एक वेगळं नाव. त्रास कलामुळे होतो की लोकांमुळे, हे त्या नावात कुठेच नव्हतं. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तेही गेलं.

आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखाद्याचं जुळत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही, आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली पाहिजे, हेही त्यात आहे. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७मधून बाहेर काढलं. कल ‘बदलण्याचे’ उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं.

हे सगळं वाचून बळ आलं. पण त्या समुपदेशकांनी यातला कुठला नियम मोडला होता? त्यांनी मला आजारी म्हटलं नव्हतं, गोळ्या दिल्या नव्हत्या, घरी फोन केला नव्हता. कायदा सांगतो की काय करू नये. अपाय न करणं आणि समजून घेणं यांच्यामध्ये केवढं तरी अंतर आहे, आणि ते कायद्याला चालून जाता येत नाही.

ते अंतर चालून गेलेला एक माणूस मला कायद्याच्याच जगात सापडला. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर २०२१ साली दोन तरुणींचं प्रकरण आलं. मदुराईतलं घर सोडून त्या चेन्नईला आल्या होत्या, घरच्यांनी तक्रारी केल्या होत्या. आपल्याला या विषयाची पुरती समज नाही, आपल्या मनात पूर्वग्रह आहेत, हे न्यायमूर्तींनी लिहून मान्य केलं, आणि निकालाआधी ते स्वतः एका मानसतज्ज्ञांसमोर शिकायला बसले. ७ जूनला आलेल्या त्यांच्या आदेशात कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई करण्याचा निर्देश होता. वैद्यकीय आयोगाचं पत्र त्याच प्रकरणातून पुढे निघालं. मला त्या आदेशापेक्षाही तो शिकण्याचा तास महत्त्वाचा वाटतो. आपलं अज्ञान दूर करायचं काम त्यांनी त्या दोन मुलींवर टाकलं नाही.

*

कारण हेच काम माझ्यावर पुन्हा पुन्हा येत होतं. दुसरा थेरपिस्ट शोधताना मी फोन करून आधीच विचारायला लागलो. एकांनी फोनवर अभिमानाने सांगितलं, “असे बरेच पेशंट मी बरे केलेत.” मी आभार मानून फोन ठेवला. दुसऱ्या एक बाई खूप प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, “मला यातलं फारसं माहीत नाही, पण तुम्ही समजावून सांगा, मी शिकेन.” या बाईंना नाही म्हणताना मला अपराधी वाटलं. शिकायला तयार असलेल्या माणसाला नाकारणं हा माजच नाही का?

यावर मी बराच विचार केला. प्रत्येक थेरपिस्टला प्रत्येक माणसाकडून काहीतरी शिकावंच लागतं. माझं बालपण, माझी भीती, तो मुलगा कोण होता, हे मीच सांगायचं, दुसरं कोण सांगणार? पण काही गोष्टी माझ्या एकट्याच्या नाहीत, जगाच्या आहेत. दोन्हींकडे ओढ असणं हा गोंधळ नाही, तो समलैंगिकतेकडे जाताना लागणारा थांबा नाही, त्यात बेइमानीची सवय गृहीत धरलेली नाही. हे शिकवायचं काम, ज्याची रात्रीची झोप उडाली आहे त्याचं नाही, आणि तेही तासाचे पैसे त्यानेच भरून. जे माझं आहे ते मी सांगावं. जे सगळ्यांचं आहे ते तुम्ही आधी शिकून यावं. एवढी विभागणी मला न्याय्य वाटते.

अशी शिकायची सोय आता आपल्याकडे आहे. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी ‘क्वीअर अफर्मेटिव्ह’ पद्धतीचा अभ्यासक्रम सुरू केलेला आहे, आणि तो घडवणाऱ्यांमध्ये स्वतः क्वीअर असलेले तज्ज्ञ आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनवरची समुपदेशन सेवा २०१२ पासून आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट उभा केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिलं. तेही आधी सॉफ्टवेअरमध्येच होते, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. सरकारची ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा मराठीतही बोलते. मी पहिल्या फोनवर चार प्रश्न विचारायचो: तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय? माझ्यासारख्या लोकांबरोबर काम केलंय का? उभयलैंगिक असणं बदलता येतं असं तुम्हाला वाटतं का? मी सांगितलेलं माझ्या घरच्यांना कोणत्या परिस्थितीत सांगाल? उत्तरांपेक्षा उत्तराआधीची शांतता जास्त सांगून जायची.

भाषेचाही प्रश्न होता. ‘उभयलिंगी’ हा शब्द मी पहिल्यांदा शाळेत विज्ञानाच्या तासाला ऐकला, जास्वंदीच्या फुलाबद्दल. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर. तोच शब्द माणसाच्या आवडीसाठीही वापरला जातो आणि ऐकणाऱ्याला शरीराबद्दल काहीतरी वाटतं. त्यातल्या त्यात ‘उभयलैंगिक’ बरा. इंग्रजीत मी हे सगळं न अडखळता बोलू शकायचो, ऑफिसचं प्रेझेंटेशन दिल्यासारखं. मराठीत बोलायला गेलो की आईचा चेहरा समोर यायचा. म्हणून मला मराठीच हवी होती. मराठीत विचारायला कधी जागाच नव्हती असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरं द्यायचे. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण कोणीतरी विचारलं होतं आणि कोणीतरी लाज न वाटता उत्तर दिलं होतं, ही गोष्ट राहिली.

*

शेवटी मला एक थेरपिस्ट सापडल्या. व्हिडिओ कॉलवर, दर शनिवारी, बाराशे रुपये. आमच्या घरात दार लावून बोलायची पद्धत नाही, आणि आषाढीच्या आधी वरच्या खोल्या वारकऱ्यांनी भरलेल्या असतात. मी दुकानामागच्या खोलीत माळांच्या पोत्यांमध्ये बसून बोलायचो. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, “त्याचं नाव सांगायला चालेल का?” मी नाव सांगितलं आणि मग बराच वेळ काहीच बोलता आलं नाही.

‘स्वीकार करणारा थेरपिस्ट’ म्हटलं की अनेकांना वाटतं, म्हणजे हो ला हो म्हणणारा. मलाही थोडं तसंच हवं होतं, हे कबूल करतो. माझं मत बदललं ते बार्शीच्या स्थळावरून. पत्रिका जुळली होती, रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला होता. मी त्यांना सांगितलं की जाऊन येईन, घरच्यांचं मन राहील, आणि जमलंच तर काय वाईट, मला मुलीही आवडतातच. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. तू मुलीशी लग्न करून सुखी होऊ शकतोस, त्यात खोटं काहीच नाही. मला फक्त सांग, या सगळ्यात त्या मुलीला तू कुठे ठेवलंयस?”

मी चिडलो. म्हणालो, तुम्ही माझ्या बाजूने असायला हवं. त्या म्हणाल्या, “मी आहेच. म्हणून तर विचारता येतंय.”

त्या रात्री मला त्या पहिल्या समुपदेशकांची चूक पुरती दिसली. त्यांच्यासाठी सगळे सारखे होते, पण त्या ‘सगळ्यां’मध्ये माझ्याशी लग्न करणारी मुलगी नव्हतीच. तिला त्यांनी औषध म्हणून लिहून दिलं होतं. संसारात पडलास की मागे पडेल, म्हणजे कोणाच्या तरी आयुष्याच्या खर्चाने मागे पडेल. उभयलैंगिक माणूस बाईशी लग्न करून निष्ठेने राहू शकतो, राहतातही. दोष लग्नात नाही, काहीतरी पुरण्यासाठी केलेल्या लग्नात आहे.

आणि हेही कळलं की पहिल्या ठिकाणी हा प्रश्न मला कोणी विचारला असता तरी मी तो ऐकू शकलो नसतो. तिथे माझी सगळी शक्ती ‘मी असा आहे’ हे सिद्ध करण्यात जात होती. ज्याला आपण आहोत हेच अजून पटवून द्यायचं आहे, तो आपल्या जबाबदारीबद्दल बोलणार कधी? स्वीकार म्हणजे लाड नव्हेत. एक वाद कायमचा मिटवून टाकणं, म्हणजे खऱ्या प्रश्नापर्यंत पोचता येईल, एवढाच त्याचा अर्थ. ‘मग प्रश्नच कुठे आहे?’ याचं उत्तर हे आहे. प्रश्न होता, पण त्याच्यापुढे तुम्ही उभे होतात.

*

रविवारी आम्ही बार्शीला गेलो. पोहे झाले, ‘तुम्ही दोघं बोला जरा’ झालं. गच्चीवरच्या दहा मिनिटांत माझ्या तोंडून काही निघालं नाही. मंगळवारी मी तिला फोन केला आणि सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, “आता कोणी आहे का?” मी नाही म्हणालो. “मग मला का सांगितलंत?” मी म्हणालो, “नंतर कळलं असतं तर फसवल्यासारखं वाटलं असतं तुम्हाला.” ती म्हणाली, मला विचार करायला वेळ हवा.

आठवड्याने त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

वडील दोन दिवस चक्रावलेले होते. गुरुजींना पुन्हा दाखवली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. “मग जुळत नाही म्हणजे काय?” मला माहीत होतं म्हणजे काय. नकार द्यायचा तिला पूर्ण हक्क होता आणि तो तिने वापरला. पण कारण मात्र स्वतःपाशी ठेवलं. तिने कुठला अभ्यासक्रम केलेला नव्हता, तिच्यावर कायद्याचं बंधन नव्हतं.

आईवडिलांना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी त्यावरच बोलणं चालू आहे. सांगायचं की नाही यापेक्षा कोणत्या शब्दांत, यावर गाडी अडली आहे. मध्यंतरी आईने पोत्यांच्या खोलीत माझ्यासाठी एक खुर्ची आणि टेबल-फॅन नेऊन ठेवला. म्हणाली, दर शनिवारी तिथे घामाघूम होऊन बसतोस. कोणाशी बोलतोस ते तिने विचारलं नाही.